वहिनीच्या आईचा पाव

दादा बोटीवरून सुट्टीला आला की काहीतरी घेऊन यायचा. एकदा टेपरेकॉर्डर आणला, एकदा बाबांना वाडीत घालायला गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, एकदा आईला सुगंधी साबणांची पेटी. ती पेटी आईने कपाटात साड्यांच्या घडीत ठेवून दिली आणि अंगाला मात्र आपला लाल साबणच लावत राहिली. त्या खेपेला दादाने बायको आणली. रिक्षातून आधी तो उतरला, मग दोन बॅगा उतरल्या, मग उन्हाने नाक सोललेली एक उंच गोरीपान बाई उतरली, आणि आई हातातल्या सुपासकट दारातच खिळली. दादाने फोनवर सांगितलं नव्हतं असं नाही. मुलगी रुमानियाची आहे, आमच्याच बोटीवर कामाला होती, तिच्या गावच्या चर्चमध्ये लग्न झालंय, सगळं सांगून झालं होतं. पण कानाने ऐकलेलं आईला कधीच पुरं पटायचं नाही. तिने नव्या सुनेला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि मला म्हणाली, "अगो, हिला आधी बसायला दे. उभी राहिली तर माळा लागंल डोक्याला."

तिचं नाव इलेआना. आमच्या नंदाखाल गावातल्या आळीने दोन दिवसांत तिची इलीबाय केली, आणि मी अर्थातच वहिनी म्हणू लागले. दोन महिन्यांनी दादा पुन्हा बोटीवर गेला आणि वहिनी आमच्याकडे राहिली. घरात आम्ही चौघं. बाबा मुळातच कमी बोलणारे, दिवसभर वाडीत केळींच्या आळ्यांना पाणी लावायचे, आणि घरात आले की पंप बंद केलाय की नाही एवढंच विचारायचे. त्यांच्या वाटणीचं बोलणंही आईच बोलायची. पहाटे कोंबडा, मग चर्चची घंटा, मग पंपाची धडधड आणि त्या सगळ्यांवर आईचा आवाज, अशी आमच्या घरची सकाळ व्हायची. वहिनी मराठी शिकली ती आईकडून, त्यामुळे तिला "कृपया" आणि "आभारी आहे" यायच्या आधी "मेल्या, फाटक लाव" यायला लागलं. आज ती आमच्यापेक्षा जास्त इथली झाली आहे. परवा माणिकपूरला रिक्षावाल्याशी ती अशी भांडली की मीच तिला बाही धरून खाली उतरवलं.

आता आमच्या आळीची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरूनच झालं. सणासुदीला, पाहुणा आला की, झाडाचा पहिला फणस कापला की, ताटल्या आळीत फिरत. वर क्रोशाचा रुमाल टाकलेली ताटली या घरातून त्या घरात जायची, आणि परत येताना ती रिकामी कधीच यायची नाही. दोन केळी, मूठभर चवळी, चार अंडी, अगदीच काही नसेल तर चिमूटभर साखर, पण काहीतरी घालूनच भांडं परत करायचं. रिकामी ताटली परत करणं म्हणजे "तुमचं आमचं इथे संपलं" असं तोंडावर सांगणं. माझी चुलत बहीण लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, तिथे शेजारणीने वाडगा धुऊन रिकामा परत दिला, तर ही बया तीन दिवस रडत होती की माझं काय चुकलं.

या रीतीला आळीत एकच अपवाद होता, तो म्हणजे मोनीमावशी. आळीच्या टोकाला, बावखलाच्या काठी तिचं एका खोलीचं घर होतं. बावखल म्हणजे आमच्याकडच्या वाड्यांतलं गोड्या पाण्याचं तळं. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, लोकांच्या वाड्यांत मोगरा खुडायला जायची आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण तिच्याकडे गेलेलं भांडं परत यायचं नाही. रिकामंही नाही आणि भरलेलंही नाही. आमच्याकडे म्हणच पडली होती, मोनीला दिलं ते बावखलात गेलं. आईच्या लग्नातली एक पितळेची ताटली तिकडे गडप झाल्यापासून आईने हाय खाल्ली होती, आणि तेव्हापासून मोनीमावशीचा वाटा केळीच्या पानावर जायचा. द्यायचं मात्र कधी चुकवलं नाही. आई म्हणायची, "तिची खोड तिच्यापाशी. आपन आपली रीत कशाला सोडा?"

वहिनीला सातवा महिना लागला असताना, पास्काच्या आधीच्या उपवासकाळात, तिच्या गावाहून फोन आला. तो हॉलमधला काळा फोन, त्यावर आईने घातलेलं लेसचं टोपडं, आणि रिसीव्हर धरून उभी असलेली वहिनी मला अजून दिसते. ती फक्त "दा, दा" म्हणत होती. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ "हो". मग तिने फोन ठेवला, टोपडं नीट केलं आणि आईला म्हणाली, "माझी आई मेली." डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ मनाई केलेली, दादा कुठल्या तरी समुद्राच्या मध्यावर. जाण्याचा प्रश्नच नव्हता. संध्याकाळी आळी लोटली, ओटीवर जपमाळेची प्रार्थना झाली, आईने सगळ्यांना काळी कॉफी दिली. वहिनी भिंतीला टेकून बसली होती, पण तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. आईला त्याचीच काळजी लागली. ती मला म्हणाली, "रडत नाय ती. पोटात पोर, आनि दुःख पन पोटातच ठेवलंय. हे बरं नाय."

पास्काचा, म्हणजे ईस्टरचा, सण आला आणि गेला. वहिनीचा पास्का मात्र अजून यायचा होता, त्यांच्याकडे तो बऱ्याचदा आमच्या मागून येतो. आईने विचारलं, "म्हंजे येशू तुमच्याकडं उशिरा उठतो?" आणि वहिनी त्या दिवसांत पहिल्यांदा हसली. तिचाही पास्का झाल्यावर एका दुपारी ती आईसमोर येऊन बसली. आई चिंच सोलत होती. वहिनी म्हणाली, मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशी पाव वाटायचा असतो. साधा नाही, गोड, कोझोनाक. नाताळला आणि पास्काला तिची आई तो करायची, आणि तिच्या गल्लीतल्या बायका स्वतःचा करून झाल्यावरही तिच्या आईच्या पावाची वाट बघायच्या. "इथं आपण देतो," वहिनी म्हणाली, "ते तिकडं तिला मिळतं. नाय दिलं तर तिच्याकडं काय नाय. ती तिकडं अशी बसणार." आणि तिने आपले रिकामे हात मांडीवर पसरून दाखवले. आईने चिंच बाजूला ठेवली. "मंग करू या की," ती म्हणाली. "पाव वाटायला कोन नको म्हनतंय?"

दुसऱ्या दिवशी वहिनी मला घेऊन माणिकपूरला गेली. माझी दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती आणि मी दिवसभर ओटीवर लोळत असे, त्यामुळे कुठेही जायला एका पायावर तयार होते. आम्ही मैदा, लोणी, खसखस आणि थोडे अक्रोड घेतले. मग ती भांड्यांच्या दुकानात शिरली आणि तिने निळ्या काठाच्या पांढऱ्या ताटल्या घेतल्या, आळीतल्या घरटी एक. घरी आल्यावर आईने त्या पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. "फडताळभर ताटल्या असताना ह्या कशाला गो?" वहिनी म्हणाली, नव्याच पाहिजेत. आईला वाटलं, गोऱ्या लोकांची टापटीप. मोनीमावशीची ताटली मोजलेली पाहून तर आई उसळलीच. "तिला पानावर दे. ताटली जाईल." वहिनी शांतपणे म्हणाली, "जाऊ दे." त्याहून जास्त तिने काही सांगितलं नाही. तिला ते सांगण्यासारखं वाटलं नसावं, कारण तिच्या गावात शेंबड्या पोरालाही ते ठाऊक. आणि आम्हाला विचारायचं सुचलं नाही.

मग पावाचे प्रयोग सुरू झाले. वहिनीने येताना यीस्टची पाकिटं आणली होती, पण आमच्या हवेत मीठ ओलं होतं तिथे यीस्टची काय कथा. पहिला पाव बेकरीच्या भट्टीतून आला तो विटेसारखा. बाबांनी तो हातात घेऊन तोलला आणि म्हणाले, "कुंपनाला एक दगड कमीच पडत होता." वर्षभरात त्यांनी केलेला हा एकमेव विनोद. पण वहिनीचा चेहरा बघून त्यांनी लगेच तो खाली ठेवला आणि पंप बघायला निघून गेले. आईने त्या दगडाचा कोपरा कसाबसा मोडून चघळला. "चव चांगली हाय," ती म्हणाली. "फक्त जीव नाय ह्याच्यात. आमचे फुगे कशानं फुगतात, ठाव हाय तुला?" फुगे म्हणजे आमच्याकडच्या लग्नातले पिठाचे तळलेले गोळे. ते फुगतात ताडीने. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी आमच्याच बांधावरच्या ताडाची ताजी ताडी आणून दिली, आणि वहिनीच्या आईचा पाव आमच्या ताडीवर फुगायला निघाला.

त्या दिवसाची मजा मी कधी विसरणार नाही. पीठ मळायचं म्हणजे किती मळायचं याचं वहिनीकडे एक माप होतं. तिची आई म्हणायची, छताच्या वाशाला घाम फुटेपर्यंत मळायचं. आई म्हणाली, मे महिन्यात आमच्याकडे वाशाला न मळताच घाम फुटतो. परातीत अंडी, दूध, साखर, लोणी, लिंबाची साल, आणि आई आणि मी आळीपाळीने कोपरापर्यंत पिठात. वहिनीला पोटामुळे फार वाकता येईना, म्हणून ती खुर्चीवर बसून माझ्या हातांकडे बघायची आणि म्हणायची, "अजून. चिकटतंय. अजून." हाताला चिकटायचं सोडून पीठ आपणहून सुटलं, तेव्हा माझे खांदे माझे राहिले नव्हते. आता मी यूट्यूबवर बघते, मशीनचा एक कान पिळला की झालं. पिळोत बिचारे.

मग पीठ फुगायला ठेवलं आणि खरी परीक्षा सुरू झाली. पीठ वर येत असताना घरात वारा नको, दार आपटायला नको आणि मोठ्याने बोलायचं नाही, असा वहिनीच्या आईचा दंडक. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, आणि आईला गप्प बसायला सांगितलं. आई कुजबुजायला लागली. पण आईची कुजबुज म्हणजे इतरांचं भाषण. मासळीवाली दारात येऊन ओरडली, तिला गप्प करायला आई त्याहून मोठ्याने ओरडली, आणि वहिनी टॉवेल टाकलेल्या परातीवर अशी ओणवी झाली की जणू तिच्या पोटातलंच पोर दचकलं असावं. दुपारी शेजारची लिलीकाकी डोकावली. टॉवेल उचलून ती म्हणाली, "अगो बाय, केवढं फुगलंय!" त्याच क्षणी वहिनीने परातीभोवती तीनदा "प्तू, प्तू, प्तू" केलं आणि आई मीठ-मिरच्या आणायला धावली. दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या. लिलीकाकी गेल्यावर आई मला म्हणाली, "दृष्ट तिकडं पन लागते. म्हंजे मानसं आपल्यातलीच हायत." वहिनी घरात आल्याला तोवर आठ-नऊ महिने झाले होते, पण माझ्या मते ती आमच्या घरची झाली ती त्या दुपारी.

सारणात खसखस आणि अक्रोड गेले. बेदाण्यांऐवजी आईने आगाशीच्या सुकेळ्यांचे तुकडे घातले. वाळवलेली केळी पावात घालायची ही कल्पना वहिनीला आधी झेपेना, मग एक तुकडा खाऊन तिने सगळा पुडा रिकामा केला. सारण भरलेल्या दोन लांब वळकट्या एकमेकींत पिळायच्या, वरून अंडं फासायचं आणि भट्टीत ठेवायचं. बेकरीवाल्याने नाताळच्या केकसारखीच आमच्यासाठी भट्टीची जागा राखली होती. पाव बाहेर आले तेव्हा तांबूस, फुगलेले, आणि वास असा की रिक्षावाल्याने परतीच्या वाटेवर दोनदा मागे वळून बघितलं. कापल्यावर आत खसखशीची काळी गोल गोल नक्षी निघाली. वहिनीने पहिला काप नाकाशी धरला, बराच वेळ तसाच धरला, आणि खाल्ला नाही.

चाळिसाव्या दिवशी संध्याकाळी वहिनी आणि मी आळीत निघालो. प्रत्येक ताटलीत एक जाड काप, कापात खोवलेली छोटी मेणबत्ती, आणि ती दारात पेटवून द्यायची. पहिल्याच घरात लिलीकाकीच्या नातवाने पेटती मेणबत्ती आणि केकसारखं काहीतरी पाहिलं आणि टाळ्या वाजवत वाढदिवसाचं गाणं सुरू केलं. लिलीकाकीने त्याला धपाटा घातला, मी जमिनीत जायला बघत होते, पण वहिनी त्या पोराच्या गालाला हात लावून म्हणाली, "चालेल." तिच्या गावी पाव घेणाऱ्याने "बोगदाप्रोस्ते" म्हणायचं असतं, म्हणजे देव त्या जिवाला क्षमा करो. आमच्या बायका "देव बरं करो, बाय" म्हणत होत्या आणि तिला ते पुरेसं होतं. शेवटचं घर मोनीमावशीचं. ती दारातच होती. तिने दोन्ही हातांनी ताटली घेतली, मेणबत्तीकडे बघितलं, आणि आत गेली. परत येताना वहिनी हलकी चालत होती. म्हणाली, आता आई भरलेल्या हातांनी बसली असेल.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून ताटल्या परत यायला लागल्या.

लिलीकाकीची आली, त्यात वेलची केळी. मग चवळी, मग गूळ, मग चार अंडी, एकीत सुके बोंबील, एकीत फुगे, ते तर पाव इतका आवडला म्हणून मुद्दाम तळलेले. सगळ्यांनी ताटल्या लख्ख घासल्या होत्या, दुखवटा म्हणून क्रोशाचे पांढरेच रुमाल टाकले होते. आईचा आनंद गगनात मावेना. परक्या मुलखातल्या सुनेचं भांडं आळीने भरून पाठवलं, याहून मोठा मान तिच्या दृष्टीने नव्हता. तिने ताटल्या रिकाम्या करून ओटीवर एकावर एक रचल्या. दुपारी वहिनी झोपून उठली, बाहेर आली, आणि त्या थप्पीकडे बघून तिचा चेहरा पांढरा पडला.

"हे काय?"

"आल्या सगळ्यांच्या," आई म्हणाली. "बघ केळी कशी हायत."

वहिनी उभ्याची खाली बसली. "परत? का परत? माझ्या आईचं कुणाला नको?" आणि ती रडायला लागली. ते चाळीस दिवसांचं रडं होतं, ते आम्हाला कुणालाच आवरण्यासारखं नव्हतं. हुंदक्यांतून, अर्धं मराठीत, अर्धं तिच्या भाषेत, तेव्हा कुठे आम्हाला कळलं. पावाबरोबर ताटलीही द्यायची असते, कायमची. जी ताटली इथे दुसऱ्याच्या घरी राहते, ती तिकडे तिच्या आईच्या हातात जाते. परत आली म्हणजे तिच्या आईच्या हातून कुणीतरी काढून घेतली. "ती तिकडं कशात खाणार?" वहिनी म्हणत होती. "मी इथं का आली? इथून माझी आई पोचत नाय. पोर झालं की मी जाते. मी माझ्या गावी जाते."

आईला इतकी गोंधळलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. "मी परत नेऊन देते," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता देते, घरोघर." वहिनीने मान हलवली. दिलेलं एकदाच देता येतं, परत आलेलं पुन्हा देता येत नाही. आई तिच्याशेजारी बसली, तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली, आणि सवयीने थप्पीतल्या ताटल्या चाचपायला लागली. मग सवयीनेच पुटपुटली, "एक कमी हाय. मोनीची. ती कसली आनतेय."

वहिनीचं रडणं थांबलं. "नाय आली?"

"तिच्याकडनं कधी काय आलंय? बावखलात गेली ती."

"नाय आली," वहिनी म्हणाली. ती भिंतीला धरून उठली, मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं, आणि चपला न घालताच आळीतून चालायला लागली. मागे आई, मागे मी. सातव्यातून आठव्यात गेलेली ती बाई इतकी भरभर चालत होती की आईला पदर सावरायला सवड मिळेना.

मोनीमावशी ओट्यावर मोगऱ्याच्या कळ्या निवडत बसली होती. तीन बायका तरातरा आपल्या दारात येताना बघून तिचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांचं बोलणं आता ऐकावं लागणार, असंच तिला वाटलं असणार. ती घाईघाईने उठली. "देनार होते गो," ती म्हणाली, "घासून ठेवलीय, आनते." आणि ती आत वळली. आयुष्यात पहिल्यांदाच मोनीमावशी भांडं परत करायला निघाली होती. वहिनी नुसतीच तिला अडवायला हात पुढे करून उभी. आणि मग आई अशी किंचाळली की बावखलातली बदकं उडाली. "मोने! ताटलीला हात लावशील तर बघ! खबरदार परत दिलीस तर!"

मोनीमावशी होती तिथे थिजली. आईने धापा टाकत तिला सगळं सांगितलं, आणि वहिनीने तिचे हात धरले. मोनीमावशीने ते ऐकून घेतलं, पण तिचा विश्वास बसत नव्हता. "म्हंजे ठेवू?" तिने विचारलं. "खरंच ठेवू?" मग ती ओट्यावर बसली आणि खाली बघत म्हणाली, "मला चोर म्हनतात ठाव हाय. पन रिकामी ताटली कशी परत देऊ गो? घरात काय असतं माझ्या? म्हटलं, होईल काय तेव्हा घालून देऊ. ते कधी झालंच नाय. मंग दिवस गेले की आनखी लाज वाटते."

आईने तिला हाताला धरून उठवलं. आम्ही आत गेलो. एकच खोली, एक फळी, फळीवर वर्तमानपत्राचा कागद, आणि त्यावर अख्ख्या आळीच्या ताटल्या, वाट्या, एक बिनकानाचा कप, सगळं राखेने घासून लख्ख मांडलेलं. सगळ्यात पुढे निळ्या काठाची पांढरी ताटली, तिच्यात पावाचा अर्धा काप. अर्धा तिने काल खाल्ला होता आणि अर्धा चहाबरोबर खायला राखला होता. मोनीमावशीने तो हातात घेतला आणि वहिनीला विचारलं, "तुझ्या आयचं नाव काय गो?"

इतक्या जपमाळा झाल्या, इतक्या बायका येऊन गेल्या, पण हे आळीत कुणी विचारलं नव्हतं. आम्हीसुद्धा नाही. सगळ्यांसाठी ती इलीबायची आई होती. वहिनी म्हणाली, "फ्लोरिका." मोनीमावशीने ते नाव दोनदा घोळवून बघितलं, कपाळावर क्रूस काढला, म्हणाली, "फ्लोरिकाबाय, देव बरं करो," आणि तो अर्धा काप आमच्यासमोर सावकाश खाल्ला. वहिनी पुन्हा रडत होती, पण आता तिचा एक हात मोनीमावशीच्या खांद्यावर होता आणि गावी जाण्याचं तिने त्यानंतर कधी काढलं नाही.

आई अजून फळीपाशीच उभी होती. तिच्या लग्नातली पितळेची ताटली तिला मागच्या रांगेत सापडली होती. तिने ती हातात घेतली, उलटून खालचं नाव बघितलं, बोटाने पुसलं. मोनीमावशी गडबडीने म्हणाली, "ने ती तुझी. आता तरी ने." आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण तिने ती ताटली परत फळीवर ठेवताना झालेला आवाज मला आजही ऐकू येतो.

"राहू दे," आई म्हणाली. "मला तिकडं लागंल. पन घासत जा गो मोने. डागाचं भांडं मला तिकडं पन चालायचं नाय."